वायूची दुष्टी, सरासरी आणि 'अति'चे गणित

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीत, उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, गंगातीरावरील वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात. कारण वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. त्यांपैकी दुष्ट वायूची जी लक्षणे तेथे दिली आहेत, ती पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचावीत असे सुचवावेसे वाटते. ऋतूच्या विपरीत असलेला, फार निश्चल, फार वेगवान, फार रूक्ष, फार थंड वा फार उष्ण, आणि असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ व धूर यांनी बिघडलेला असा तो वायू होय. यांतील बहुतेक लक्षणांच्या आरंभी आचार्यांनी 'अति' हा उपसर्ग योजला आहे. जनपदाचा नाश करणारा वायू हा सरासरीचा वायू नव्हे, तो 'अति'चा वायू आहे.

आधुनिक संख्याशास्त्राची एक स्वतंत्र शाखा नेमक्या या 'अति'चाच अभ्यास करते. तिला चरममूल्यांचे संख्याशास्त्र असे म्हणता येईल. पूर किती उंच येईल, वारा किती वेगाने वाहील, हवेतील धूलिकण कोणत्या पातळीपर्यंत चढतील, अशा टोकाच्या घटनांचे गणित ती मांडते. वाशीमसारख्या जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास आणि औषधी दुकानदारास तिचा काय उपयोग, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका आठवड्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची दिवाळी नुकतीच सरली होती. शिवारात सोयाबीनची मळणी जोरात चालू होती. थ्रेशरमधून उडणारे कुटार, फटाक्यांचा धूर, पहाटेची थंडी आणि पान न हलावे असा स्तब्ध वारा, असे सर्व एकत्र आले. त्या आठवड्यात सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच ओट्यावर धापा टाकणारी माणसे बसलेली असत. एरवी दिवसाकाठी तमकश्वासाचे तीन-चार रुग्ण येणाऱ्या या दवाखान्यात त्याच्या कितीतरी पट रुग्ण आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या दुकानातील श्वासकासावरील औषधे संपली. मागणी नोंदविताना आम्ही दोघांनीही मागील महिन्यांची सरासरी धरली होती. त्याच रात्री एका वृद्ध शेतकऱ्यास गाडी करून जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. प्राणवायू मिळाल्यावर ते सावरले. पण पाठविण्यास आणखी दोन तास उशीर झाला असता तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. आमची चूक निदानात नव्हती, हिशेबात होती. सरासरीवर विसंबून आम्ही 'अति'च्या दिवसास सामोरे गेलो होतो.

सरासरी काय लपविते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन गावे आहेत. पहिल्या गावात वर्षाचे ३६५ दिवस सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असते. दुसऱ्या गावात ३५५ दिवस ते ४३ असते, पण उरलेल्या १० दिवसांत ३०० पर्यंत जाते. दोन्ही गावांची वार्षिक सरासरी ५० च येते. कागदावर दोन्ही गावे सारखी. परंतु दुसऱ्या गावातील दमेकऱ्यास ते १० दिवस कसे जातात, हे केवळ त्याचा वैद्यच सांगू शकेल.

इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत त्या शहरावर थंड, स्तब्ध हवेचा थर बसला आणि घरोघरच्या कोळशाचा धूर त्याखाली कोंडला गेला. प्रारंभी सुमारे ४ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज होता. पुढील अभ्यासांनी तो सुमारे १२ हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. लंडनमध्ये धूर वर्षभर आणि वर्षानुवर्षे होता. संहार मात्र पाच दिवसांनी घडविला. येथे धुरास 'अतिस्तिमित' वायूची, म्हणजे निश्चलतेची, जोड मिळाली हे ध्यानात घ्यावे.

सुताच्या धाग्यापासून सिद्धान्तापर्यंत

या शास्त्राच्या उगमाची कथा आपल्या कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडास जवळची वाटावी अशी आहे. एल. एच. सी. टिपेट हे इंग्लंडमधील कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होते. सुताचा धागा किती ताणास तुटेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न. धागा तुटतो तो त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी. तेथे सरासरी बळकटीचा उपयोग नसतो. या विचारातून टिपेट आणि थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२८ मध्ये असे दाखविले की, पुष्कळ निरीक्षणांतील सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान मूल्य घेत गेल्यास त्या टोकाच्या मूल्यांची मांडणी तीनच प्रकारांत बसते. १९४३ मध्ये रशियन गणिती ग्नेडेन्को यांनी त्याची काटेकोर सिद्धता दिली आणि एमिल गुंबेल यांनी १९५८ मध्ये या विषयावरील पहिला मोठा ग्रंथ लिहून तो अभियंत्यांच्या हाती दिला. १९५३ च्या फेब्रुवारीच्या आरंभी समुद्राच्या पुराने नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तेथील बांधांची उंची ठरविताना याच विचाराचा आधार घेण्यात आला.

ते तीन प्रकार थोडक्यात असे. पहिल्या प्रकारात टोकाला एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे मूल्य जाऊच शकत नाही. दुसऱ्या प्रकारात मर्यादा नसते, पण फार मोठी मूल्ये झपाट्याने दुर्मीळ होत जातात. तिसऱ्या प्रकारात शेपूट जड असते. म्हणजे आजवरच्या उच्चांकाच्या दुप्पट मूल्यही अगदीच अशक्य नसते. एखाद्या ठिकाणचा वायू यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे नोंदींवरून ठरवावे लागते. प्रकृतिपरीक्षण केल्यावाचून चिकित्सा करू नये, तसेच हे आहे.

प्रत्यक्षात दोन पद्धती वापरतात. एकीत प्रत्येक वर्षाचा किंवा महिन्याचा केवळ उच्चांक घेऊन त्यांचा अभ्यास करतात. दुसरीत एक उंबरठा ठरवून त्याच्या वर गेलेली सर्व मूल्ये घेतात. नोंदी थोड्या असतील तेव्हा ही अधिक उपयोगी पडते. वायूच्या बाबतीत दोन अडचणी विशेष आहेत. वाईट दिवस एकेकटे येत नाहीत. आज हवा कोंडली तर उद्याही ती कोंडलेली असण्याचा संभव अधिक. म्हणून सलग तीन वाईट दिवस हे तीन स्वतंत्र पुरावे न मानता एकच प्रकोप मानावा लागतो. दुसरे असे की, ऋतूनुसार वायूचा स्वभावच बदलतो. वर्षा ऋतूतील आणि हेमंतातील नोंदी एकत्र केल्यास निष्कर्ष फसवा येतो. ऋतुचर्या मानणाऱ्या वैद्यास हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेत रिचर्ड स्मिथ यांनी १९८९ मध्ये ह्यूस्टन शहरातील ओझोन वायूच्या नोंदींवर उंबरठ्याची पद्धत वापरून टोकाची पातळी काळानुसार कशी बदलते ते तपासले. आपल्याकडे दिल्लीतील रहदारीच्या एका चौकातील प्रदूषणमर्यादेच्या उल्लंघनांचा याच सिद्धान्ताने केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मापनाच्या जाळ्यातून निसटणारा दिवस

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांनुसार पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची मर्यादा २४ तासांसाठी ६० आणि वर्षासाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. पीएम १० साठी ती अनुक्रमे १०० आणि ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस याहून पुष्कळ कडक आहे: पीएम २.५ साठी २४ तासांना १५ आणि वर्षाला ५. आपल्या मानकांत आणखी एक तरतूद आहे. २४ तासांची मर्यादा वर्षातील ९८ टक्के वेळ पाळली गेली पाहिजे. उरलेल्या २ टक्क्यांत ती ओलांडली गेली तरी चालेल, मात्र मापनाच्या सलग दोन दिवशी नव्हे. म्हणजे मानक ठरविणाऱ्यांनीही 'अति'चा विचार केला होता.

परंतु वार्षिक सरासरी काढण्यासाठी त्याच मानकांत वर्षातून किमान १०४ मापने, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस, पुरेशी मानली आहेत. सरासरीसाठी ती पुरेशी असतीलही. वर्षातील सर्वांत वाईट दिवस मात्र त्या १०४ दिवसांत सापडण्याची शक्यता १०४ भागिले ३६५, म्हणजे सुमारे २८ टक्केच आहे. शंभरातील बहात्तर वेळा तो दिवस कोणत्याही नोंदीविना निघून जाईल. अखंड मापन करणारी स्वयंचलित केंद्रे ही उणीव भरून काढतात. म्हणून त्यांचे महत्त्व केवळ सोयीचे नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला या शहरांचा समावेश झाला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा त्या यादीत नाही. शिवाय त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट मुख्यत्वे पीएम १० च्या वार्षिक पातळीत घट करणे हे आहे. टोकाचे दिवस कमी करणे असे ते मांडलेले नाही. २००९ च्या देशव्यापी मूल्यांकनात ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे ठरले आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले, ते योग्यच झाले. औष्णिक वीज आणि कोळसा खाणी यांमुळे तेथील त्रास बारमाही आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या आपल्या तालुक्यांचे दुखणे निराळ्या जातीचे आहे. येथे धूर आणि धूळ शेतीच्या कामांबरोबर, ठराविक हंगामात, उसळी घेऊन येतात.

आपल्या जिल्ह्याचे वायुपंचांग

आश्विन-कार्तिकात सोयाबीनची मळणी आणि दिवाळी एकत्र येतात. याच सुमारास रात्री निरभ्र होऊ लागतात, जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा जड होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी राहते. पहाटेचा धूर गावाबाहेर न जाता शिवारावर पांढऱ्या पट्ट्यासारखा तरंगताना आपण पाहतो, तो याच कारणाने. पौष-माघात तुरीची मळणी होते. थंडीच्या रात्री तुराटी व पऱ्हाटी शेकोटीत आणि चुलीत जळतात. फाल्गुनात हरभरा निघतो. चैत्र-वैशाखात धुरे पेटविले जातात, शेतातील काडीकचरा जाळला जातो आणि वावटळी धूळ उडवितात. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस ही कामगारांच्या छातीची वेगळीच समस्या असते. श्वासाच्या निदानात चरकाचार्यांनी रज, धूम आणि वात यांना प्रारंभीच स्थान दिले आहे. आपल्या जिल्ह्यात ही तिन्ही कारणे वर्षातून काही वेळा एकाच दिवशी भेटतात.

आपली रुग्णनोंद हेच आपले यंत्र

धूलिकण मोजण्याचे यंत्र प्रत्येक गावात नसेल. पण नोंदवही प्रत्येक दवाखान्यात असू शकते. दररोज पाचच रकाने भरावेत: तारीख, श्वास-कासाच्या नव्याने उठलेल्या वेगाचे रुग्ण, त्यांचे गाव, आकाश व वाऱ्याची स्थिती, आणि परिसरात चाललेली मळणी, जाळणी वा फटाके. वर्षअखेरीस प्रत्येक महिन्याचा आणि संपूर्ण वर्षाचा उच्चांक वेगळा लिहावा.

त्याचा उपयोग कसा करावा, हे पुन्हा एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका दवाखान्यात नऊ वर्षांतील एका दिवसाच्या रुग्णसंख्येचे वार्षिक उच्चांक उतरत्या क्रमाने असे आहेत: १९, १४, १२, ११, १०, ९, ८, ८, ७. वर्षांच्या संख्येत १ मिळवून त्यास क्रमांकाने भागले असता पुनरावर्तनकाल मिळतो. पहिल्या क्रमांकाच्या १९ साठी तो १० भागिले १, म्हणजे १० वर्षे; दुसऱ्या क्रमांकाच्या १४ साठी १० भागिले २, म्हणजे ५ वर्षे. याचा अर्थ असा की, १४ किंवा अधिक रुग्णांचा दिवस साधारणपणे पाच वर्षांतील एका वर्षी येतो.

येथे एक गैरसमज टाळावा. दहा वर्षांचा पुनरावर्तनकाल म्हणजे 'यंदा आला, आता दहा वर्षे निश्चिंती' असे नव्हे. त्याचा अर्थ दरवर्षी दहा टक्के शक्यता, इतकाच. तसा दिवस येत्या पाच वर्षांत किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के आणि दहा वर्षांत सुमारे ६५ टक्के असते. लागोपाठ दोन वर्षीही तो येऊ शकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. नऊ वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचे भाकीत करणे म्हणजे नाडीवर बोट न ठेवता निदान करणे होय. रुग्णसंख्या केवळ वायूने वाढत नाही; सर्दी-तापाची साथ, बाजाराचा दिवस, एस.टी.ची सोय यांचाही तिच्यावर परिणाम होतो. परिस्थितीही स्थिर नाही. पिकांची रीत बदलते, मळणीची यंत्रे वाढतात, डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गाची वाहतूक आपल्या जिल्ह्यातून धावू लागली आहे. भूतकाळाचा आरसा भविष्यासाठी पूर्ण भरवशाचा राहत नाही, म्हणून नोंद चालू ठेवणे आणि दरवर्षी गणित नव्याने करणे आवश्यक ठरते. एका दवाखान्याची नोंद दुबळी असते. तालुक्यातील दहा वैद्यांनी एकाच नमुन्यात ठेवलेल्या नोंदींस मात्र प्रशासनासही विचारात घ्यावे लागेल असे वजन येते.

औषधी दुकानदारांसाठी

जनपदोद्ध्वंसाच्या त्याच अध्यायात आचार्य शिष्यास सांगतात की, नक्षत्र, ऋतू यांतील विकृतीची चिन्हे दिसताच, भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी उपटून संग्रहित करा. संकट आल्यावर त्यांचे रस, वीर्य, विपाक उरणार नाहीत. पूर्वानुमान आणि पूर्वसंग्रह यांचा हा उपदेश आपल्या दुकानांसही लागू आहे. सितोपलादी चूर्ण, वासावलेह, कनकासव, श्वासकुठार रस यांची मागणी नोंदविताना मासिक सरासरीच्या जोडीला हंगामी उच्चांक पाहावा. वरील उदाहरणातील दुकानदाराने रोजच्या चार रुग्णांचा साठा ठेवला तर वर्षातील बहुतेक दिवस त्याचे भागेल, आणि ज्या दिवशी गरज सर्वाधिक त्याच दिवशी फळी रिकामी असेल. सर्वच औषधे उच्चांकाइतकी भरून ठेवणे परवडणारे नाही. पण आश्विनाच्या आरंभी, ज्यांची मुदत पुरेशी आहे अशा मोजक्या कल्पांचा पाच वर्षांच्या पुनरावर्तनकालाइतका साठा ठेवणे कोणासही शक्य आहे.

चिकित्सकाची जबाबदारी

टोकाच्या दिवशी चिकित्सेपेक्षा निदानपरिवर्जन मोठे ठरते. ज्ञात दमेकऱ्यांस मळणीपूर्वीच बोलावून सावध करावे. थ्रेशरवर काम करणाऱ्यांनी नाक-तोंड ओल्या रुमालाने तरी बांधावे, शक्य असल्यास चांगल्या प्रतीचा मुखपट्टा वापरावा. पहाटेचे फिरणे त्या आठवड्यापुरते ऊन चढेपर्यंत लांबवावे. आधुनिक चिकित्सेतील फवाऱ्याचे औषध चालू असलेल्या रुग्णास ते अकस्मात बंद करण्यास सांगू नये. बोलताना वाक्य पुरे न होणे, ओठ-नखे निळसर होणे, ग्लानी येणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. आणखी एक गोष्ट स्वकीयांसच सांगण्यासारखी आहे. बंद खोलीतील धूपनही अखेर धूरच आहे. श्वासरोग्याच्या घरी, हवा कोंडलेल्या दिवसांत, ते हितकर आहे असे समजून करू नये.

आचार्यांनी वायूच्या दुष्टीचे वर्णन करताना 'अति' हा शब्द पुनःपुन्हा योजला. तो 'अति' मोजता येतो, त्याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी लागणारी पहिली सामग्री म्हणजे एक वही आणि नित्यनेम, एवढे आज आपल्या हाती आहे. येत्या मळणीच्या हंगामापासून आपण सर्वांनी ही नोंद सुरू करावी आणि वर्षअखेरीस तालुकानिहाय ती एकत्र आणावी, अशी नम्र विनंती आहे. त्या रात्री गाडीत धापा टाकीत गेलेल्या वृद्धासारखा रुग्ण पुन्हा येईल तेव्हा आपली फळी भरलेली आणि आपले मन सावध असले, तर या गणिताचे सार्थक झाले असे समजावयास हरकत नाही.